दोन पूर्णांच्या मधला डोंगर

जाफराबाद हे केळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावरचे गाव. ही पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, सिल्लोड आणि भोकरदनकडून जाफराबादला येते, पुढे बुलढाणा जिल्ह्यात शिरते आणि शेवटी परभणीच्या बाजूला गोदावरीला मिळते. जाफराबादच्या उत्तरेला धाड ओलांडून बुलढाण्यापर्यंत गेले की पठार अचानक संपते आणि रस्ता घाट उतरू लागतो. खाली काळ्या मातीचे सपाट मैदान दिसते. त्या मैदानातून आणखी एक पूर्णा वाहते. ती सातपुड्यातून येते, अकोल्याकडून पश्चिमेला जाते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते.

नाव एकच असले तरी या दोन नद्यांच्या वाटा अगदी उलट आहेत. मधल्या अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस जाफराबादच्या पूर्णेतून बंगालच्या उपसागराला जातो, उत्तर उतारावरचा पाऊस अरबी समुद्राला. बुलढाणा जिल्ह्यातली माणसे आजही आपला मुलूख ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असा सांगतात. पीक, पाणी, उन्हाळा, सोयरिकी, सगळ्यांतच हा फरक जाणवतो. या दोन्हींच्या मधल्या कड्यावर आणि त्याच्या घळींत नांगर चालत नाही. तिथे जंगल टिकून आहे, आणि त्याच जंगलात ज्ञानगंगा अभयारण्य आहे.

जाफराबादपासून ते सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटरवर येते. जालना जिल्ह्यात एकही अभयारण्य नाही, आणि जिल्ह्याच्या क्षेत्रफळात जंगलाचा वाटा जेमतेम एका टक्क्याच्या आसपास आहे. त्यामुळे जाफराबाद तालुक्यातल्या माणसाला ‘खरे जंगल’ पाहायचे असेल तर तो एकतर पश्चिमेला अजिंठा-गौताळ्याकडे जातो, नाहीतर उत्तरेला ज्ञानगंगेकडे.

ज्ञानगंगेला 1997 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. 205 चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र बुलढाणा, चिखली, मोताळा आणि खामगाव या चार तालुक्यांत पसरले आहे. ज्ञानगंगा नदी याच डोंगरातून निघून उत्तरेकडच्या पूर्णेला मिळते आणि तिचेच नाव जंगलाला मिळाले. मोताळ्याच्या बाजूला पलढगचे धरण आहे. बुलढाण्याहून बोथामार्गे खामगावला जाणारा रस्ता जंगलाच्या मधूनच जातो, आणि पुष्कळ प्रवाशांना हे जंगल एसटीच्या खिडकीतूनच माहीत आहे. कारभार अकोला वन्यजीव विभागाकडे आहे. काटेपूर्णा, लोणार, कारंजा-सोहोळ ही लहान अभयारण्येही त्याच विभागात येतात.

जंगल म्हटले की ज्यांच्या मनात हिरवीगार झाडी येते त्यांनी इथे मे महिन्यात यावे. हे शुष्क पानगळीचे जंगल आहे. साग, धावडा, खैर, पळस, बेल, मोह, टेंभुर्णी ही इथली नेहमीची झाडे. कड्यांवर सालई, तिच्या खोडातून धुपाचा डिंक पाझरतो. मधूनच पांढऱ्या खोडाचा कांडोळ, आणि जिथे मुरूम उघडा पडला आहे तिथेही तग धरणारा अंजन. अंजनाचा पाला गुरे आवडीने खातात, आणि त्याचे लाकूड भारतातल्या सर्वांत जड लाकडांपैकी आहे. फेब्रुवारीपासून पाने गळू लागतात. एप्रिलपर्यंत डोंगराची हाडे दिसतात, आणि जमिनीवर पाचोळ्याचा इतका जाड थर साचतो की सरडा पळाला तरी आवाज होतो. त्या पाचोळ्यात एक ठिणगी पुरते. म्हणून उन्हाळा लागण्याआधीच वनरक्षक आणि रोजंदारीवरचे मजूर जाळरेषा काढतात. गवताचा लांबच लांब पट्टा साफ करून ठेवला की वणवा एका बाजूची हद्द ओलांडून दुसरीकडे जात नाही. पर्यटकाला हे काम दिसत नाही, पण पुढच्या पावसाळ्यात चितळांना गवत मिळणार की नाही, हे बरेचसे त्या पट्ट्यावर ठरते.

उन्हाळ्यात सगळे जंगल पाण्याभोवती गोळा होते. नैसर्गिक डोह आटले की टँकरने भरलेल्या किंवा सौरपंपावर चालणाऱ्या पाणवठ्यांचा आधार उरतो. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री निसर्गप्रेमी आणि वनकर्मचारी मचाणावर बसून पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रांत बिबटे, अस्वले, रोही, रानडुकरे, मोर यांचे आकडे छापून येतात. शास्त्राच्या दृष्टीने या आकड्यांवर फार भिस्त ठेवता येत नाही, कारण एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर जाऊ शकतो. वाघ-बिबट्यांची खरी मोजदाद आता ट्रॅप कॅमेऱ्यांनी होते. तरीही त्या रात्रीचे मोल कमी नाही. गावातला शिक्षक, दुकानदार, कॉलेजातली मुलगी पहाटेपर्यंत मचाणावर बसते तेव्हा जंगलाला पाठीराखे मिळतात, आणि वणवा लागल्यावर पहिला फोन बहुधा असल्याच माणसाचा येतो.

या डोंगराचा खरा मालक अस्वल आहे. बुलढाण्याच्या डोंगरात अस्वले पूर्वापार आहेत, आणि वाघाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या माणसाने जंगलात शिरताना भीती बाळगली ती त्यांचीच. अस्वलाचा आहार ऐकला तर तो इतका उग्र प्राणी वाटत नाही. वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, टेंभरे आणि मोहाची फुले. वाळवी खाण्यासाठी त्याचे तोंड वेगळे घडले आहे. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच, नाकपुड्या हव्या तेव्हा मिटता येतात. वारूळ नखांनी फोडायचे, माती फुंकरायची आणि त्या फटीतून वाळवी जोरात ओढून घ्यायची. हा आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. पिल्ले हिवाळ्यात गुहेत जन्मतात आणि पुढे कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून फिरतात.

मग हल्ले का होतात? अस्वलाची नजर अधू असते आणि खाण्यात मग्न असताना त्याला माणसाची चाहूल उशिरा लागते. दोन पावलांवर अचानक माणूस दिसला की पळण्यापेक्षा ते अंगावर धावून जाते, विशेषतः पिल्ले सोबत असली तर. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुले वेचायला बाया-माणसे त्याच झाडाखाली जातात जिथे अस्वल रात्रभर चरलेले असते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, तोही पहाटेचाच. जंगलाचा माल आणि जंगलाचा प्राणी यांची वेळ एकच असल्याने चकमक होते. जुनी माणसे जंगलात मोठ्याने बोलत जातात, काठी आपटत जातात. अस्वलाला वेळेवर कळावे म्हणून केलेली ही सोय कुठल्याही सूचनाफलकापेक्षा परिणामकारक आहे.

वाघ इथे नव्हता. निदान 1997 ला अभयारण्य झाले तेव्हा वाघासाठी ते झाले नव्हते. अजिंठ्याच्या रांगेत वाघ होते हे मात्र सगळ्या जगाला ठाऊक आहे. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या घळीत हिंडत असताना त्याला अजिंठ्याची लेणी दिसली आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले. पुढच्या काळात शिकार आणि शेतीचा विस्तार यांनी या रांगेतून वाघ हद्दपार झाला.

तो परत आला स्मिथच्या त्या शिकारीनंतर दोनशे वर्षांनी, आणि आला तो पायी.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे 148 चौरस किलोमीटर, म्हणजे ज्ञानगंगेपेक्षाही लहान. तिथे वाघ चांगले वाढले आणि जागा कमी पडू लागली. वाघाचा नर दीड-दोन वर्षांचा झाला की आईची हद्द सोडतो. नव्या हद्दीसाठी त्याला कधी शंभर चौरस किलोमीटर लागतात, आणि तेवढ्या जागेत दुसरा जाणता नर खपत नाही. टी-1 या वाघिणीच्या 2016 मध्ये जन्मलेल्या पिल्लांपैकी सी-1 या नराला फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली. भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्र वनविभाग यांचा हा अभ्यास होता, आणि त्याचे काम डॉ. बिलाल हबीब यांच्याकडे होते. टी-1 हे नाव ऐकून अनेकांना अवनी आठवते. ती वेगळी. राळेगावच्या परिसरात माणसांच्या मृत्यूंना जबाबदार धरली गेलेली अवनी नोव्हेंबर 2018 मध्ये गोळीने मारली गेली होती. जिल्हा मात्र तोच, आणि त्या कडू आठवणी ताज्या असतानाच हा तरुण वाघ माणसांच्या मुलखातून चालायला निघाला.

जून 2019 मध्ये पाऊस सुरू झाला आणि सी-1 ने टिपेश्वर सोडले. तेलंगणातल्या आदिलाबादकडे वळसा, पुन्हा महाराष्ट्रात पैनगंगा अभयारण्य, इसापूरच्या बाजूने हिंगोली, मग वाशीम, अकोला आणि बुलढाणा. डिसेंबर 2019 च्या सुरुवातीला तो ज्ञानगंगेत पोहोचला तेव्हा त्याची चाल 1300 किलोमीटरहून जास्त झाली होती. टिपेश्वर ते ज्ञानगंगा हे अंतर सरळ रेषेत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरच भरते. यावरून त्याने किती ठिकाणी डोकावून पाहिले असेल याची कल्पना येते. त्यानंतरही तो आसपास फिरत राहिला आणि मार्च 2020 मध्ये ज्ञानगंगेत स्थिरावला. नऊ महिन्यांत सुमारे 3000 किलोमीटर! कॉलरने पाच हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद पाठवली. भारतात नोंदवला गेलेला वाघाचा हा सर्वांत लांबचा प्रवास ठरला, आणि जगभरच्या बातम्यांत त्याचे नाव ‘वॉकर’ पडले.

नकाशा पुढे घेऊन हा मार्ग पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. टिपेश्वर पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. पैनगंगा अभयारण्य आणि इसापूरचे धरण त्याच नदीवर आहेत. आणि पैनगंगेचा उगम बुलढाण्याजवळ याच अजिंठ्याच्या रांगेत आहे. म्हणजे वळसे वगळले तर वाघ खालच्या खोऱ्यातून निघून नदीच्या मुळाकडे आला. त्याला नकाशा ठाऊक नव्हता. पण नदीकाठी झाडोरा असतो, पाणी असते, रानडुकरे असतात, आणि दिवसा पडून राहायला घळ मिळते. नदी जिथून येते तिथे डोंगर असतो आणि डोंगरावर जंगल. हे त्याच्या पायांना कळले असणार.

मधल्या मुलखात जंगल फारच थोडे होते. वॉकर बहुतेक रात्रीच चालला. नाले, ओढे, कालव्यांच्या कडा, रस्ते आणि शेते. रानडुकरे आणि मधूनच गुरे मारून त्याने पोट भरले. दिवसा तो पिकात दडला. त्या हंगामात कपाशी कमरेच्या वर गेली होती. एवढ्या नऊ महिन्यांत माणूस जखमी झाल्याचा प्रसंग एकच घडला, आणि तोही वाघ झुडपात विसावलेला असताना माणूस त्याच्या मागावर आत गेल्यामुळे. शेकडो गावांच्या शिवारातून वाघ गेला आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. वाघ आणि माणूस यांच्यात वैर असलेच पाहिजे असे मानणाऱ्यांनी या नोंदींचा बारकाईने विचार करायला हवा.

ज्ञानगंगेचे जंगल वाचवायचे तर नजर अभयारण्याच्या सीमादगडांपाशी थांबून चालत नाही. ज्या शिवारांतून प्राणी तिथे येतो आणि तिथून निघतो त्या शिवारांवर त्याचे भवितव्य अवलंबून आहे. ती शिवारे कुठल्याही संरक्षित क्षेत्राच्या यादीत नाहीत. ती जाफराबाद, चिखली, मेहकर, रिसोड अशा तालुक्यांत आहेत आणि तिथे शेतकरी राहतात.

जाफराबादच्या बाजूला अभयारण्य नसले तरी प्राणी आहेत. माळरानावर आणि गायरानावर काळवीट दिसतात, लांडगा अधूनमधून मेंढपाळाच्या वाड्याभोवती फिरतो, आणि रोही तर सगळीकडे. उभ्या सोयाबीनमध्ये रोह्यांचा कळप एका रात्रीत शिरला तर शेतकऱ्याचे महिन्यांचे कष्ट मातीत जातात. रानडुकरे मका लोळवतात. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणे हे सगळे शेतकऱ्याच्याच वाट्याला येते. वन्यजीवांवर लिहिताना हा हिशोब बाजूला ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. रात्री राखणीला जाणारा माणूस हे या कथेतले तितकेच मोठे पात्र आहे जितका वाघ. आणि हेही त्याच्याच अनुभवाचे आहे की ज्या भागात बिबट्या-लांडगा टिकून आहे तिथे डुकरांना आणि रोह्यांच्या पाडसांना थोडा तरी वचक असतो.

पीकपद्धती बदलली की प्राण्यांची वाटही बदलते, हा विचार फारसा होत नाही. पूर्वी मराठवाड्यात आणि विदर्भाच्या घाटावर ज्वारी पुरुषभर उंच उभी असे. आता खरिपात सोयाबीनने ती जागा घेतली आहे. सोयाबीन गुडघ्याएवढे वाढते आणि ऑक्टोबरमध्ये काढून होते. उरते ती कपाशी आणि तूर. जानेवारीनंतर तूर कापली जाते, पऱ्हाटी उपटली जाते आणि रान उघडे पडते. म्हणजे पिकांतून जाणारी ही वाट जुलै ते जानेवारी एवढीच खुली असते. बाकीच्या महिन्यांत फक्त नाले उरतात. नाला रुंद करताना काठची करंज, बाभूळ, जांभूळ यंत्राने सपाट झाली, तर तेवढा आडोसाही जातो. पाणी साठवण्याचे काम गरजेचेच आहे, दुष्काळ पाहिलेल्या जालन्यात ते कुणी नाकारणार नाही. पण खोलीकरण झाल्यावर काठावर झाडे परत लावणे हा त्याच कामाचा भाग धरला गेला पाहिजे.

मग रस्ते. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग वाशीम, मेहकर, सिंदखेडराजा करत जालन्याला येतो. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा वाहतुकीला खुला झाला. हिंगोलीकडून ज्ञानगंगेकडे यायचे तर हा मार्ग ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. वॉकर गेला तेव्हा त्याचे काम चालू होते. आज त्याच्या दोन्ही बाजूंना भिंत आहे. प्राण्यांसाठी भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने खालून आणि वरून वाटा ठेवल्या आहेत, ही चांगली गोष्ट. त्या वाटांच्या तोंडाशी धाबा, गोदाम किंवा कचऱ्याचा ढीग उभा राहू नये, याची काळजी मात्र तालुक्याच्या पातळीवरच घ्यावी लागेल. जालना-खामगाव रेल्वेमार्गाची मागणी या भागात फार जुनी आहे आणि ती रास्तही आहे. तो मार्ग झाला तर त्याला कुठेतरी घाट उतरावाच लागेल. कुठे, हा प्रश्न आखणीच्या वेळीच जंगलाच्या नकाशासमोर बसून सोडवायला हवा.

सर्वांत स्वस्त उपाय विहिरींचा आहे. कठडा नसलेल्या विहिरीत बिबटे, रोही, कोल्हे पडतात. बिबट्या पडला की गर्दी जमते, दिवसभर गोंधळ होतो, कधी बाज सोडून तर कधी पिंजरा उतरवून त्याला वर काढावे लागते. हातभर उंचीचा कठडा बांधला तर प्राणीही वाचतो आणि अंधारात पाणी धरायला गेलेला माणूसही. कुंपणात सोडलेली वीज ही दुसरी बाब. तिने प्राण्यांइतकेच शेतकरी आणि शेतमजूरही मारले आहेत.

वॉकर ज्ञानगंगेत एकटाच होता. एप्रिल 2020 मध्ये त्याची कॉलर काढण्यात आली. त्याच्यासाठी वाघीण आणून सोडावी का, यावर वनविभागात आणि तज्ज्ञांत चर्चा झाली. कल्पना आकर्षक होती, पण शंकाही खऱ्या होत्या. अभयारण्य लहान, भोवती शेती आणि विरळ जंगल, भक्ष्य मर्यादित. पिल्ले झाली तर दोन वर्षांनी तीही बाहेर पडणार, आणि मग त्यांनी कुठे जायचे? देव्हारीसारखे गाव अभयारण्याच्या आत आहे आणि त्याच्या पुनर्वसनाचा प्रश्न तिथल्या लोकांच्या आयुष्याशी जोडलेला आहे. चितळ-रानडुकरांची संख्या वाढवणे, कुरणे राखणे, घाणेरी उपटणे, ही कामे आधी नीट झाल्याशिवाय वाघीण आणणे म्हणजे तिला आणि गावांना दोघांनाही संकटात लोटणे ठरले असते.

वॉकर हा अपवाद होता असेही आता म्हणता येत नाही. मार्च 2021 मध्ये गौताळा अभयारण्याच्या ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला. पट्टे जुळवून पाहिल्यावर तोही टिपेश्वरचाच निघाला. डिसेंबर 2024 मध्ये थेट धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात टिपेश्वरचा आणखी एक वाघ दिसला. त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्याची योजना आखली गेली, पथके आली, आणि बरेच दिवस तो त्यांना हुलकावणी देत राहिला. जिथे वाघ ही फक्त गोष्टीतली चीज होती त्या मराठवाड्यात तो पाच-सहा वर्षांत पुन्हा पुन्हा येऊन जातो आहे.

हे सगळे नर आहेत, आणि ते योगायोगाने घडलेले नाही. वाघाच्या जातीत लांब जातो तो नर. मादी सहसा आईच्या हद्दीला लागूनच जागा शोधते. म्हणून ज्ञानगंगेत वाघांची पिढी रुजायची असेल तर वाघीण जवळून यावी लागेल. जवळचे मोठे ठिकाण मेळघाटच. 1974 पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे, आणि त्याचे दक्षिणेकडचे अंबाबरवा अभयारण्य बुलढाणा जिल्ह्यातच संग्रामपूर तालुक्यात येते. अंबाबरवा ते ज्ञानगंगा या पन्नास-साठ किलोमीटरच्या पट्ट्यात उत्तरेकडच्या पूर्णेचे सगळे मैदान, कपाशी, मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग आहे. या मैदानातून सातपुड्यापासून घाटापर्यंत एखादा नाला तरी झाडीने सलग जोडलेला राहील का, कोणत्या गावांच्या शिवारातून जाईल, त्या गावांना त्याचा मोबदला कसा मिळेल, रेल्वेखालच्या कोणत्या मोऱ्या रुंद कराव्या लागतील, हे सगळे मोजून काढता येण्याजोगे काम आहे. त्यासाठी शेगाव, नांदुरा, खामगाव तालुक्यांच्या ग्रामपंचायतींबरोबर बसावे लागेल, आणि दक्षिणेकडच्या वाटेसाठी जाफराबाद, चिखलीच्या.